गोळी आणि आभासी सराव: कामे वेगळी
आठ वर्षांच्या स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला रिस्पेरिडोन ही चिडचिड कमी करणारी गोळी चालू असताना आभासी वास्तवाचा, म्हणजे डोक्यावर लावलेल्या यंत्रात खरी वाटणारी दृश्ये दाखवून करायचा, सराव द्यावा का आणि त्यामुळे गोळी सुटेल का, असे आपण विचारले आहे. अमेरिकेच्या औषध नियामकाने रिस्पेरिडोनला २००६ मध्ये आणि त्याच प्रकारच्या ॲरिपिप्राझोल या औषधाला २००९ मध्ये जी मान्यता दिली, ती स्वमग्न मुलांमधील चिडचिड, आक्रमकता आणि स्वतःला इजा करणे यांसाठी होती. संवाद शिकवण्यासाठी नव्हे. म्हणून गोळीने मूल शांत बसू लागले, तर त्या मोकळ्या झालेल्या वेळात काय शिकवायचे, हा खरा प्रश्न उरतो, आणि सरावाची जागा तिथे आहे.

सोलापुरात विशेष शिक्षिका म्हणून काम करताना मी एका मुलाला गड्ड्याच्या यात्रेतील पाळण्यांच्या आवाजाने कान गच्च दाबून जमिनीवर बसलेले पाहिले आहे. अशी गर्दी पडद्यावर आधी मंद आवाजात आणि हवी तेव्हा थांबवता येईल अशी दाखवता येते, हा मोठा फायदा. मात्र पुढे त्याच मुलाला आईचे बोट धरून नवी पेठेच्या खऱ्या बाजारात न्यावेच लागते. शिवाय डोक्यावरचे ते जड यंत्रच काहींना सहन होत नाही. तेव्हा साधा टॅबलेट पुरतो.

रिस्पेरिडोनने झोप आणि भूक वाढू शकते, त्यामुळे सरावाची वेळ मुलाच्या गुंगीत येऊ नये. फिट्सचा इतिहास असल्यास आधी डॉक्टरांशी बोलावे, आणि गोळीची मात्रा परस्पर कमी करू नये.