‘आपल्या हातात काय आहे?’ ही पळवाट की खरी गोष्ट?

काळीमाती, निपाणी
तंबाखूचा तरवा टाकायचे दिवस आले की आमच्या घरात दरवर्षी तेच भांडण. मी म्हणतो, सोयाबीन येतंय, मागनं शाळू येतोय, शेजारच्या बांधापलीकडं दिसतंय की. आप्पांचं ठरलेलं उत्तर, "आज्जा लावत होता, मी लावतो. आपल्या हातात काय आहे?"

मला राग त्या वाक्याचा आहे. गेल्या वर्षी मामाचा अर्धा जबडा काढला, तो मिसरूड फुटायच्या आधीपासून तंबाखू मळत होता.

फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रनं १९४५ सालच्या पॅरिसच्या व्याख्यानात एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली आहे. भाऊ युद्धात मारला गेलाय, आई एकटी. पोरगा विचारतोय, आईजवळ राहू की इंग्लंड गाठून फौजेत जाऊ? सार्त्र सल्ला देत नाही. तू मोकळा आहेस, तूच ठरव, म्हणतो. म्हणजे बाप, गुरुजी, ग्रंथ, कुणाच्याही नावावर निर्णय टाकायचा नाही. आप्पा दरवर्षी निवडतातच, फक्त कबूल करत नाहीत.

बिडीवालीची लेक
दादा, त्या पोरापुढं दोन वाटा तरी होत्या. माझी आई पहाटेपासून मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायची. मजुरी हजारावर. पानं कमी पडली तर पदरमोड, आणि वाईट म्हणून काढून टाकलेल्या बिड्यांचा पैसा नाही. त्याच बिड्यांवर मी बीए झाले. तुमच्या मामाच्या जबड्याचा हिशोब तिच्याकडं मागणार काय? नाही म्हटलं की ज्याची चूल विझते, त्याला ‘तू मोकळा आहेस’ म्हणणं ही चेष्टा झाली.

मास्तर, टिळकवाडी
दोघंही निवड असते हे धरूनच चालला आहात. डच तत्त्वज्ञ स्पिनोझानं १६७४ साली एका पत्रात लिहिलंय की भिरकावलेल्या दगडाला जाणीव असती, तर त्याला वाटलं असतं मी माझ्या मर्जीनं उडतोय. तुला शाळू दिसतो कारण तू शहरात शिकलास. आप्पांना तंबाखू दिसतो कारण ते शिकले नाहीत. दोघंही दगडच.

काळीमाती
मग कॉपी करताना सापडलेल्या पोराला कशाला उठवता, मास्तर? दगडच की तो.

मास्तर, टिळकवाडी
उठवतो. कारण उठवणं हाही पुढच्या दगडाला दिलेला धक्का आहे. पण टोला बसला, मान्य. गीतेनंही हा गुंता सोडवलेला नाही असं माझं मत. अठराव्या अध्यायात ५९व्या श्लोकात कृष्ण म्हणतो, तू लढणार नाही म्हणालास तरी तुझी प्रकृती तुला जुंपेल. आणि चारच श्लोक पुढं म्हणतो, ‘यथेच्छसि तथा कुरु’. तुला वाटेल तसं कर!

खानापूरकर
१ नोव्हेंबर १९५६ ला आमच्या आज्ज्याला कुणी विचारलं होतं? रात्री निजला मुंबई राज्यात, सकाळी उठला म्हैसूर राज्यात. कसलं स्वातंत्र्य घेऊन बसलाय.

बिडीवालीची लेक
प्रत्येक गोष्ट सीमाप्रश्नावरच न्यायची का हो? पण पुढं काय केलं आज्ज्यानं?

खानापूरकर
मोर्चाला गेला, आणि पोराला कन्नडही शिकवलं. शिव्या दोन्ही भाषेत द्यायचा.

काळीमाती
बघा, सीमा त्यानं निवडली नाही. तिच्याशी कसं वागायचं ते त्यानंच निवडलं. मी हेच सांगालोय.

जुना तंबाखूवाला
मी सहसा लिहीत नाही. १९८१ साली दरासाठी आम्ही निपाणीला हायवेवर ठाण मांडून बसलो होतो. त्याआधी वखारीत व्यापारी म्हणेल तो भाव, म्हणेल ती तूट. एकट्यादुकट्याच्या हातात खरंच काही नव्हतं, आप्पा खोटं बोलत नाहीत. पण हजारो एकत्र बसल्यावर सरकारला दखल घ्यावी लागली. गोळीबार झाला, आमची माणसं गेली.

मात्र एक गोष्ट म्हातारपणी टोचते. आम्ही दर मागितला. हे पीकच नको, असं एकाच्याही तोंडातून निघालं नाही. तिथं पोलीस नव्हते अडवायला, व्यापारीही नव्हता. सुचलंच नाही. जे सुचलं नाही त्याला जबाबदार कोण, मास्तर?

मास्तर, टिळकवाडी
काका, वर्गात असा प्रश्न आला असता तर मी घंटा व्हायची वाट बघितली असती.

बिडीवालीची लेक
मी सांगते. सुचलं नाही त्याचा दोष नाही, पण सुचल्यावर सुटका नाही. आईला सुचायला फुरसत नव्हती. मला आहे, नोकरी आहे, नाही म्हणायची ऐपत आहे. तेवढं ओझं माझं. आणि काळीमाती, तुमचं आप्पांपेक्षा जास्त. शाळू गेला तर तोटा कोण सोसणार? सातबारा कुणाच्या नावावर आहे?

काळीमाती
आप्पांच्या. आणि मी पुण्यातनं फोनवर भांडतोय, तेही सांगून टाकतो.

काळीमाती (दोन दिवसांनी)
काल फोन लावला. म्हटलं, अर्ध्या एकरात तंबाखू नको, तोटा झाला तर माझ्या पगारातनं. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "आणि फायदा झाला तर कुणाचा, ते आधी सांग."