मदत हवी आहे: बनावट इशारा गेला, पण क्रोममधले एक्स्टेन्शन निघत नाही

नमस्कार. वडिलांच्या विंडोज ११ लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या नावाचा बनावट इशारा पूर्ण पडदा व्यापून येत असे. सोबत कर्कश भोंगा आणि ‘संगणक बंद करू नका, या क्रमांकावर फोन करा’ अशी धमकीवजा सूचना. खऱ्या इशाऱ्यात मायक्रोसॉफ्ट फोन क्रमांक देत नाही हे ठाऊक असल्याने वडिलांनी फोन केला नाही. उजव्या कोपऱ्यात उगवणाऱ्या सूचनाही, एका संकेतस्थळाला मिळालेली नोटिफिकेशनची परवानगी काढताच थांबल्या.

खरी अडचण पुढे आहे. एका मोफत पीडीएफ कन्व्हर्टरबरोबर शिरलेले एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडले जाणारे छोटे सॉफ्टवेअर) शोधाचे पान परस्पर बदलते, ते काढण्याचे बटण निष्क्रिय असते, आणि लॅपटॉप घरगुती असूनही क्रोमच्या मेनूत तळाशी तो ‘संस्थेद्वारे व्यवस्थापित’ असल्याची ओळ दिसते (आमची संस्था म्हणजे आई आणि बाबा!). रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, पॉलिसीज विभागाखाली ‘एक्स्टेन्शनइन्स्टॉलफोर्सलिस्ट’ ही एक्स्टेन्शन सक्तीने बसवणारी नोंद सापडली. परंतु ती पुसली तरी लॅपटॉप पुन्हा सुरू केल्यावर परत येते, त्यामुळे टास्क शेड्युलरमधले (ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणारी विंडोजची सोय) एखादे टास्क ती पुन्हा लिहीत असावे, असा माझा कयास आहे. विंडोजमधल्या डिफेंडर या अँटिव्हायरसच्या ऑफलाइन तपासणीत काहीही आढळले नाही.

असे टास्क नेमके कसे ओळखावे, आणि बँकेचे व्यवहार याच लॅपटॉपवर होत असल्याने विंडोज नव्याने टाकणेच अधिक सुरक्षित ठरेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. तोवर नेट बँकिंगचा पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलून ठेवला आहे.