शब्दचर्चा : विषाणूचे प्रथिन आरएनएला ‘बांधते’, ‘धरते’ की ‘गुंफते’?

प्रश्न (उच्च माध्यमिक विद्यालयातील जीवशास्त्राच्या शिक्षिका, फोंडा) :

सप्रेम नमस्कार. २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनासाठी मी विद्यार्थ्यांकरिता एक मराठी टिपण लिहीत आहे. गोवा २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. कुत्र्यांच्या लसीकरणाविषयी मुलांना बरीच माहिती आहे, परंतु विषाणू आतून कसा असतो हे त्यांना मराठीत वाचायला मिळत नाही. ‘रेबीज विषाणूचे न्यूक्लिओप्रथिन आरएनएला बांधते आणि जनुकसंचाचे पॅकेजिंग करते’ असे वाक्य मी लिहिले होते (आरएनए म्हणजे विषाणूची आनुवंशिक माहिती वाहणारा रेणूचा लांब धागा; ती सगळी माहिती मिळून त्याचा जनुकसंच). एका सहकाऱ्यांनी ‘पॅकेजिंग’च्या जागी ‘आवेष्टन’ सुचवले, दुसऱ्यांनी ‘गुंडाळणे’. वर्गात वाचून दाखवले तेव्हा एका मुलीने विचारले, “बाई, बांधते म्हणजे कशाने बांधते?” मला उत्तर देता आले नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर :

बाई, त्या मुलीचा प्रश्न नेमका आहे आणि चर्चेची सुरुवात तिथूनच करायला हवी. मराठीत ‘बांधणे’ या क्रियापदाला साधन लागते. आपण दोरीने बांधतो, दाव्याने बांधतो, सुंभाने बांधतो. शिवाय ‘खुंट्याला बांधणे’ असा प्रयोग रूढ असल्यामुळे ‘आरएनएला बांधते’ हे वाक्य वाचणाऱ्याला, आरएनए हा खुंटा असून प्रथिन त्याला तिसरेच काही बांधते आहे, असेही वाटू शकते. प्रत्यक्षात तिथे दोरीही नाही आणि तिसरी वस्तूही नाही. आरएनएच्या कण्यातील फॉस्फेट गटांवर ऋण विद्युतप्रभार असतो. प्रथिनातील आर्जिनीन आणि लायसीन या अमिनो आम्लांवर धन प्रभार असतो. रेबीजच्या न्यूक्लिओप्रथिनाचे दोन खंड असून त्यांच्यामधील खाचेत हे धन प्रभार आरएनएच्या बाजूला तोंड करून बसलेले असतात. धागा त्या खाचेत येतो आणि दोन्ही खंड त्याला दोन बाजूंनी कवळतात. म्हणून माझ्या मते इथे शब्द हवा तो ‘धरणे’. ‘कशाने धरते?’ असे त्या मुलीने विचारले, तर ‘स्वतःच्या दोन खंडांनी’ असे सरळ उत्तर देता येते.

‘धरणे’ निवडण्याचे आणखी एक कारण आहे आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. मराठीत जे धरले जाते ते सोडताही येते. ‘जखडणे’ किंवा ‘चिकटणे’ या शब्दांत ती सोय नाही. विषाणूला मात्र सोडण्याची गरज घटकोघटकी असते, कारण त्याच्या आरएनएची प्रत काढणाऱ्या एन्झाइमला धागा वाचायचा असतो. एन्झाइम ज्या ठिकाणी पोहोचते तिथले प्रथिन तेवढ्यापुरती पकड सैल करते आणि एन्झाइम पुढे सरकले की पुन्हा धरते. पकड कायमची असती तर तो जनुकसंच कुणालाच वाचता आला नसता.

आता ‘आवेष्टन’ आणि ‘गुंडाळणे’. रेबीजचे प्रथिन आरएनए धरते त्या टप्प्यासाठी हे दोन्ही शब्द मी वापरणार नाही. रेबीज विषाणूला सर्वांत बाहेर मेदाचे आवरण असते आणि ते तो पेशीच्या पटलातून घेतो. ‘आवेष्टन’ म्हटले की विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर तेच आवरण उभे राहील आणि दोन वेगळ्या गोष्टी एक होतील. दुसरे असे की वेष्टन बाहेरून घातले जाते आणि आतल्या वस्तूच्या मांडणीशी त्याचे देणेघेणे नसते. हळदीच्या पानात पातोळी वळतो तेव्हा आतले चून (गूळ-खोबऱ्याचे सारण) कसेही पसरले तरी चालते. न्यूक्लिओप्रथिनाला तसे चालत नाही, कारण रेबीजचे प्रत्येक प्रथिन आरएनएची बरोबर ९ न्यूक्लिओटाइडे (धाग्यातल्या एकापुढे एक जोडलेल्या कड्या) धरते, कमी नाही आणि जास्त नाही. रेबीजचा जनुकसंच सुमारे १२,००० न्यूक्लिओटाइडांचा असतो. म्हणजे एका धाग्यावर सुमारे १,३०० प्रथिने ओळीने बसतात. गोवरच्या विषाणूत हेच माप ६ आहे आणि त्याचा जनुकसंच १५,८९४ न्यूक्लिओटाइडांचा, म्हणजे सहाच्या २,६४९ पट आहे. शेवटी अर्धवट जागा उरू नये म्हणून एकूण लांबीसुद्धा सहाच्या पटीत राहते.

या ओळीने बसण्याला माझा शब्द आहे ‘गुंफण’. म्हापशाच्या बाजारात अबोलीची फाती (गजरा) करणाऱ्या बायकांचे हात थोडा वेळ पाहावेत. भिजवलेला केळीच्या सोपटाचा दोर ताणून धरलेला असतो, दोन-तीन फुलांचे देठ त्याच्यावर आडवे ठेवले जातात, दोराचा वेढा पडतो, अंगठ्याने तो मागच्या वेढ्याला भिडवला जातो आणि लगेच पुढची फुले येतात. दर वेढ्याला फुले तितकीच असतात, म्हणून फाती सरळ आणि भरगच्च दिसते. न्यूक्लिओप्रथिने अशीच एकमेकांना भिडत जातात. प्रत्येक प्रथिनाचा एक भाग शेजारच्या प्रथिनाला टेकलेला असतो. वर्गात एवढा फरक अवश्य सांगावा की फातीत दोर फुलांना धरतो आणि इथे फुले दोराला धरतात.

प्रश्न (एक वाचक, सत्तरी) :

आमच्या भागात काजूच्या हंगामात माकडतापाची चर्चा असते. हा विषाणू डेंग्यूच्या कुळातला आहे, असे आरोग्य केंद्रात सांगतात. त्यालाही ‘गुंफण’ म्हणता येईल काय? आणि पेशीत स्वतःचे आरएनए भरपूर असताना विषाणूचे प्रथिन नेमके आपलेच आरएनए कसे धरते? ‘धरणे’ या शब्दात निवड कुठे दिसते?

उत्तर :

माकडतापाला ‘गुंफण’ म्हणू नये. डेंग्यू आणि माकडताप यांच्या कुळातले कवचप्रथिन अगदी लहान, शंभराच्या आसपास अमिनो आम्लांचे असते आणि त्यावर धन प्रभार दाटीने असतो; पण त्याने धरलेल्या आरएनएची नियमित मांडणी आत दिसत नाही. तिथे आरएनएचे ‘गाठोडे’ होते असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून आहे.

निवडीचा मुद्दा आपण योग्य जागी उपस्थित केला आहे. केवळ प्रभारामुळे कोणतेही आरएनए प्रथिनाकडे ओढले जाईल. म्हणून अनेक विषाणूंच्या आरएनएत एखादी ‘ओळखखूण’ असते. जिवाणूंना ग्रासणाऱ्या एमएस२ या विषाणूत ती अभ्यासकांनी फार बारकाईने पाहिली आहे. (त्याचा ३,५६९ न्यूक्लिओटाइडांचा जनुकसंच १९७६ मध्ये संपूर्ण वाचला गेला, आरएनए जनुकसंच पूर्ण वाचला जाण्याची ती पहिलीच वेळ.) तिथे १९ न्यूक्लिओटाइडांचा एक तुकडा स्वतःवरच मागे वळतो, त्याच्या दोन बाजू एकमेकींना जुळून देठ होतो आणि टोकाला फास राहतो. या रचनेला मी ‘मुरड’ म्हणतो. चतुर्थीच्या नेवऱ्यांच्या कडेची मुरड घरोघरी माहीत आहे आणि ‘मुरडणे’ म्हणजे मागे वळणे हा अर्थही त्यात आहे. कवचप्रथिनांची जोडी ही मुरड ओळखून धरते आणि मग बाकीची प्रथिने भोवती जमून सुमारे १८० प्रतींचे कवच उभे राहते. तेव्हा ‘ओळखून धरणे’ असे जोडक्रियापद वापरले की निवड वाक्यात दिसते.

एमएस२च्या कवचासाठी कोकणपट्टीतल्या लोकांना ‘मुडी’चा दाखला पटेल. भाताची मुडी बांधताना आधी तयार पिशवी नसते. पेंढा धान्याभोवतीच वळत जातो आणि धान्यामुळेच त्याला गोल आकार येतो. याउलट फाय६ नावाच्या विषाणूत रिकामे कवच आधी तयार होते आणि एक प्रथिन-यंत्र ऊर्जा खर्चून त्यात आरएनए ओढून घेते. ती मुडी नव्हे, ते पोते. तिथे ‘भरणे’ हाच शब्द बरोबर आहे.

शंका (एक निवृत्त मुख्याध्यापक, डिचोली) :

गुंफण, गाठोडे, मुडी, भरणे हे सर्व शब्द चांगले आहेत. परंतु पाठ्यपुस्तकाला एक संज्ञा लागते. प्रत्येक विषाणूला वेगळा शब्द दिला तर प्रकरणाला मथळा कोणता द्यावा?

उत्तर :

सर, आपली शंका मान्य आहे आणि तिच्यावर विचार करताना मला माझेच आधीचे मत थोडे बदलावे लागले. ‘बांधणे’ हे क्रियापद मी नाकारले, पण ‘बांधणी’ हे नाम नाकारण्याचे कारण नाही. पुस्तकाची बांधणी, कथेची बांधणी असे आपण म्हणतो तेव्हा दोरीचा विचार मनात येत नाही. सुटे भाग क्रमाने आणि घट्ट एकत्र आले, एवढाच बोध होतो. म्हणून मथळा ‘जनुकसंचाची बांधणी’ असावा आणि आतली क्रियापदे विषाणूप्रमाणे बदलावीत.

या शब्दाच्या बाजूने एक जुना प्रयोगही उभा आहे. १९५५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात हाइन्ट्स फ्रेंकेल-कॉनराट आणि रॉबली विल्यम्स यांनी तंबाखूवरील मोझॅक विषाणूचे प्रथिन आणि आरएनए वेगवेगळे केले, पुन्हा एकत्र मिसळले, आणि रोग निर्माण करू शकणाऱ्या कांड्या परत तयार झाल्या. अशा एका कांडीत सुमारे २,१३० प्रथिने असतात, प्रत्येक प्रथिन ३ न्यूक्लिओटाइडे धरते आणि आरएनए मळसूत्राप्रमाणे त्यांच्यामधून फिरत जाते. बाहेरून कुणी बांधणारा नसताना जी होते ती बांधणी. ‘आवेष्टन’ म्हटले की घालणारा कोण हा प्रश्न उरतो.

फोंड्याच्या शिक्षिकांचा प्रतिसाद :

मनःपूर्वक आभार. नवे वाक्य असे केले आहे : ‘रेबीज विषाणूचे न्यूक्लिओप्रथिन आपल्या दोन खंडांमध्ये आरएनएचा धागा धरते, दर नऊ न्यूक्लिओटाइडांमागे एक अशी सुमारे १,३०० प्रथिने धाग्यावर गुंफली गेली की जनुकसंचाची बांधणी पूर्ण होते.’

उत्तर :

बाई, वाक्य उत्तम झाले आहे, फक्त ‘पूर्ण होते’ काढावे. या गुंफणीची पुढे विषाणूच्याच ‘मॅट्रिक्स’ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाच्या मदतीने घट्ट गुंडाळी होते आणि मगच बंदुकीच्या गोळीसारखा आकार येतो. ‘बांधणीचा पहिला टप्पा पुरा होतो’ असे लिहावे. ‘गुंडाळणे’ सुचवणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांचा शब्द त्या दुसऱ्या टप्प्याला अचूक लागू पडतो.