मरिलिन मन्रोचे घर: वारसा वास्तूचा की व्यक्तीचा?

प्रश्न (ओसरी)
लॉस एंजेलिसच्या ब्रेंटवुड भागातील मरिलिन मन्रोच्या घराला तेथील नगरपरिषदेने जून 2024 मध्ये ऐतिहासिक-सांस्कृतिक वास्तूचा दर्जा दिला. 1929 साली बांधलेले हे स्पॅनिश धाटणीचे बैठे घर तिने 1962 च्या सुरुवातीला घेतले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती तिथेच वारली. 2023 मध्ये सुमारे 83 लाख डॉलर मोजून घर घेणाऱ्या मालकांना ते पाडायचे होते. शैली म्हणून या घराचे स्वतंत्र मोल आहे का, की केवळ नावामुळे ते वाचले?

उत्तर (वीट-चुना)
शैलीचे मोल आहे, पण ते दुर्मीळतेचे नव्हे. 1915 साली सॅन दिएगोत भरलेल्या पनामा-कॅलिफोर्निया प्रदर्शनासाठी वास्तुविशारद बर्ट्रम गुडह्यू यांनी स्पॅनिश वसाहतकालीन वळणाच्या इमारती उभारल्या आणि ती धाटणी सगळ्या दक्षिण कॅलिफोर्नियाने उचलून धरली. 1925 च्या भूकंपानंतर सांता बार्बराची बाजारपेठही त्याच वळणाने पुन्हा उभी राहिली. पांढरा गिलावा, कोकणातल्या नळीच्या कौलांसारखी तांबडी अर्धगोल कौले, कमानी, घडीव लोखंडाच्या जाळ्या आणि छताच्या उघड्या तुळया ही तिची ओळख. गंमत अशी की, जुन्या मिशनांच्या, म्हणजे स्पॅनिश धर्मप्रसारकांच्या ठाण्यांच्या, मातीच्या विटांच्या जाड भिंतींचा आव आणणाऱ्या या घरांच्या भिंती बहुतेक वेळा लाकडी सांगाड्यावर तारेची जाळी ठोकून गिलावा केलेल्या असतात, आणि भिंत जाड वाटावी म्हणून खिडकी मुद्दाम आत सरकवून बसवलेली असते.

मन्रोचे घर याच जातकुळीतले आहे. उंबरठ्याशी बसवलेल्या लॅटिन मजकुराच्या फरशा सोडल्या, तर स्थापत्याच्या अंगाने त्यात अपूर्व असे फारसे नाही. अपूर्व म्हणावे ते वास्तुविशारद लॉइड राइट यांनी रचलेले 1928 चे सॅम्युएल-नोवारो हाउस. हिरवट पडलेल्या तांब्याच्या नक्षीदार पत्र्यांचे ते घर नट रमोन नोवारो आणि पुढे नटी डायन कीटन यांच्या मालकीचे होते. त्याला नावाच्या टेकूची गरज नाही.

उत्तर (दप्तर)
लॉस एंजेलिसच्या नियमांत दोन्ही वाटा आहेत. शहराच्या इतिहासातील महत्त्व, ऐतिहासिक व्यक्तीशी संबंध, किंवा शैलीचा वा नामांकित वास्तुविशारदाच्या कामाचा उत्तम नमुना, यांपैकी एक निकष पूर्ण झाला तरी दर्जा मिळू शकतो. मन्रोचे घर मुख्यतः दुसऱ्या, म्हणजे व्यक्तीच्या, वाटेने आत आले आहे आणि त्यात वावगे काही नाही. मात्र दर्जा म्हणजे अभेद्य कवच, असेही समजू नये. वारसा आयोग पाडकामाला हरकत घेऊन ते 180 दिवस आणि नगरपरिषदेच्या संमतीने आणखी 180 दिवस रोखू शकतो, त्यापुढे कायमची मनाई आपोआप होत नाही. मालकाला राजी करण्याचे खरे साधन म्हणजे 1972 चा मिल्स कायदा. त्याखाली किमान दहा वर्षांचा करार करून घर नीट राखणाऱ्याला मालमत्ता करात सवलत मिळते.

नियम नसला की काय होते, ते बेव्हर्ली हिल्समध्ये दिसले. मूकपटांच्या काळातले तारे डग्लस फेअरबँक्स आणि मेरी पिकफर्ड यांचे पिकफेअर हे घर, ज्याच्या रचनेत वास्तुविशारद वॉलेस नेफ यांचा मोठा हात होता, 1990 मध्ये बरेचसे पाडले गेले. त्या शहराचा वारसा-संरक्षण कायदा आला 2012 मध्ये.

उत्तर (वाटसरू)
मला मालकांची बाजू अगदीच पोकळ वाटत नाही. साठ वर्षांत अनेक मालकांनी या घरात फेरफार केले, ते उंच भिंतीआड असल्याने रस्त्यावरून दिसतही नाही आणि आत जाण्याचा हक्क लोकांना कालही नव्हता, आजही नाही. मग लोकांना नेमके काय मिळाले?

उत्तर (दप्तर)
दिसणे हा निकष नाही. फेरफारांचा मुद्दा मात्र वजनदार आहे. पण तो स्थापत्याच्या निकषाला जितका भोवतो, तितका व्यक्तीच्या निकषाला भोवत नाही. तिच्या काळातली मांडणी ओळखता येण्याइतकी शिल्लक आहे का, एवढेच तिथे पाहावे लागते, आणि नगरपरिषदेच्या मते ती आहे. मतदान एकमुखी झाले होते.