बाथटबमधलं पाणी लवकर जात नाही, काय करू? (बजेट ५००, फोडाफोडी नको)

खटपट्या
पुण्यात रिसेलचा फ्लॅट घेतलाय, आधीच्या मालकाने हौसेने बाथटब बसवलेला. आम्ही त्यात उभं राहून शॉवर घेतो. दोन महिने झाले, आंघोळ होईस्तोवर घोट्यापर्यंत पाणी साचतं, उतरायला वीस-पंचवीस मिनिटं, आणि तळाशी जो राखाडी चिकट थर राहतो तो बायको घासते नि मला बोलते. बेसिन आणि न्हाणीचं पाणी मात्र झकास जातं. बजेट ५०० रुपये, टाइल्स फोडायच्या नाहीत.

ठाणेकर_मावशी
खायचा सोडा आणि व्हिनेगर. मी दर महिन्याला टाकते, फसफसून सगळं स्वच्छ.

बादलीप्रेमी
मराठी माणसाला टब कशाला लागतो हेच कळत नाही. एक बादली, एक तांब्या, विषय संपला.

शंकासुर
मावशी, ती फसफस म्हणजे नुसता कार्बन डायऑक्साइड. सोडा नि व्हिनेगर एकमेकांनाच संपवतात, केसांच्या गुंत्याला ढिम्म काही होत नाही.

ठाणेकर_मावशी
आमचं होतं बाई. तुम्ही करून बघितलंय का?

हातपोळ्या
काहीही करा पण दोन केमिकल एकावर एक ओतू नका. मी कॉस्टिकची पावडर टाकली, अर्धा तास काही फरक नाही म्हणून वरून संडास धुवायचं ॲसिड ओतलं, भसकन उसळलं ते थेट मनगटावर. तेही नेमकं दिवाळीच्या आदल्या दिवशी, अभ्यंगस्नान एका हाताने केलं. डाग अजून आहे.

जर्सीकर
आमच्याकडे न्यू जर्सीत घरोघरी टब, त्यामुळे हे नेहमीचंच. आधी बूच फिरवून काढा. मग करवतीसारखे दात असलेली प्लॅस्टिकची लांब पट्टी आत घाला, फिरवा, ओढा. नाकाला फडकं बांधा. तरी नाहीच गेलं तर प्लंजर मारा, पण टबाच्या वरच्या बाजूला जे ओव्हरफ्लोचं भोक असतं त्यात ओलं फडकं कोंबून, नाहीतर सगळा दाब तिथूनच निघून जातो. मी स्वतः मात्र ड्रिलला जोडायची २५ फुटी स्प्रिंग आणलीये, भारी चीज, घ्याच.

शंकासुर
२५ फूट? त्यांचा टब ५ फुटांचा असेल.

बांधकामवाला
वरवरचे उपाय आहेत सगळे. टब उपटा, काचेचं क्युबिकल करा, ४० हजारात मस्त होतं. आम्ही केलं.

खटपट्या
बजेट ५०० आहे हो.

बांधकामवाला
एकदाच खर्च होतो पण.

कोकणी_माणूस
आंघोळीआधी डोक्याला खोबरेल लावता का? ते २४ अंशाच्या आसपास गोठतं, थंडीत पाइपात गार पडून केसांना धरतं. त्यात बोअरचं जड पाणी असेल तर साबणाची साय होते, तुमचा तो राखाडी थर म्हणजे तोच. उटण्याचा चोथाही टबात सोडू नका. गीझरचं गरम पाणी ओता, उकळतं नको, पीव्हीसी मऊ पडतो. बेसिन आणि न्हाणी ठीक आहेत म्हणजे अडचण टबाच्याच पाइपात. टबाच्या बाजूला एखादी सुटी टाइल किंवा झाकण असेल, ते काढून बघा, खाली बहुतेक वळ्यावळ्यांचा पाइप असतो, तो झोळीसारखा लोंबला की पोटात केस साठतात.

जर्सीकर
हो, आधी बूच काढून पट्टी घाला.

बादलीप्रेमी
बादलीत केस अडकत नाहीत, सांगतो इतकंच.

खटपट्या
सर्वांचे आभार. ६० रुपयांची पट्टी आणली. पहिल्याच ओढीत हातभर लांब केसांची शेपटी आली, आमच्या घरात तेवढे लांब केस कुणाचेच नाहीत, म्हणजे मागच्या मालकांचा वारसा. वास विचारू नका. पाणी आता सात-आठ मिनिटांत जातं. झाकणही सापडलं, पाइप खरंच लोंबलाय, पण प्लंबर १५०० म्हणाला. म्हणून ठरवलंय की आंघोळ दुसऱ्या बाथरूममध्ये बादलीनेच करायची (बादलीप्रेमी, हसू नका), आणि आमच्याकडे गुरुवारी पाणी बंद असलं की टबात आदल्या रात्री भरून ठेवायचं.

फक्त आता बूच गळतंय. रात्री काठोकाठ भरला, सकाळी अर्धा टब रिकामा. यावर काही उपाय? बजेट ४४०.