मदतनिधीची पोकर स्पर्धा आणि नंतरचा कॅश गेम: कसं खेळायचं?

निमूट_फोल्ड:

मंडळी, सल्ला हवाय. मी बरीच वर्षं कॅश गेम (चिप्स म्हणजे थेट पैसे) खेळतोय, ठरलेल्या मित्रांमध्ये, छोट्या ब्लाइंडवर (दर डावाआधी दोघांनी लावायची सक्तीची रक्कम). खेळ एकदम सोशिक. चांगले पत्ते येईपर्यंत गप्प बसायचं, आले की लावायचं. (आयडीवरून कळलंच असेल, फोल्ड म्हणजे पत्ते टाकून देणं.)

आता ओळखीतल्या एकांनी मदतनिधीच्या स्पर्धेला बोलावलंय. टेक्सास होल्डेम (प्रत्येकाला दोन पत्ते, मधले पाच सगळ्यांचे), सुरुवातीला ५००० चिप्स, ब्लाइंड २५-५० पासून, दर १५ मिनिटांनी वाढणार. पहिला तासभर हवे तितके रीबाय (चिप्स संपल्या की पैसे भरून पुन्हा घ्यायच्या), मग एकदा अॅड-ऑन (पैसे भरून जादा चिप्स). स्पर्धेतून लोक बाद व्हायला लागले की बाजूच्या टेबलांवर कॅश गेम सुरू होणार आणि त्यातही प्रत्येक पॉटमधला (डावात जमलेल्या रकमेतला) काही भाग संस्थेला जाणार.

स्पर्धा मी फारशा खेळलेलो नाही. माझा नेहमीचा खेळ तिथे चालेल का? कॅश गेमला बसावं का? आणि समजा चुकून जिंकलोच, तर पैसे खिशात घालताना लोक कसे बघतात? हा शेवटचा प्रश्न हास्यास्पद वाटेल, पण मला खरंच पडलाय.

तिरपा_गुलाम:

दान करायचंय तर सरळ दान करा, पोकर खेळायचंय तर पोकर खेळा. दोन्ही एकदम करायला गेलं की धड काहीच होत नाही. तिथे कोणीही काहीही घेऊन ऑल-इन जातं, म्हणजे सगळ्या चिप्स लावतं. तुमचे एक्के सत्ता-दुर्रीपुढे पडणार आणि सत्ता-दुर्रीवाला वर टाळ्या घेणार. मी जाणं सोडलं.

किलवर_दुर्री:

गुलामराव, तुमचं निरीक्षण बरोबर, निष्कर्ष नाही. मी अशा कार्यक्रमांत डीलर म्हणून बसते, हौशी, बिनपगारी. टेबलावरच्या निम्म्या लोकांना नुसतं दान मागितलं असतं तर ते घराबाहेरही पडले नसते. ते पत्त्यांसाठी येतात, आणि येतात म्हणून पैसे जमतात. असो.

निमूट, तुम्ही दिलेल्या आकड्यांवरूनच सांगते. सराईत डीलर तासाला पंचवीस-तीस डाव वाटतो. आमच्यासारखे हौशी, त्यात टेबलावर दर डावाला कोणीतरी ‘आता माझी पाळी का?’ विचारणार, चिप्स मोजताना सांडणार. बावीस-चोवीस झाले तरी खूप. म्हणजे ब्लाइंडच्या एका लेव्हलला, १५ मिनिटांत, पाच-सहा डाव. नऊ जणांच्या टेबलावर डीलरचं बटण (दर डावाला एक जागा पुढे सरकणारी खूण) एक फेरीसुद्धा पूर्ण करत नाही आणि ब्लाइंड वाढलेले असतात. साधारण क्रम २५-५०, ५०-१००, १००-२००, २००-४००, ३००-६०० असा धरला तर तासाभराने तुमच्या न हललेल्या ५००० चिप्स म्हणजे जेमतेम आठ बिग ब्लाइंड (दोन ब्लाइंडमधला मोठा, इथे ६००). त्यातूनही ब्लाइंड भरण्यात काही गेलेल्याच.

तेवढ्यात तुम्ही पाहिलेले डाव जास्तीत जास्त चोवीस. एक्क्यांची, राजांची, राण्यांची जोडी किंवा एक्का-राजा, यातलं काहीतरी सरासरी ३९ डावांत एकदा येतं. चोवीस डावांत एकदाही न येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, साधारण ५४ टक्के. तुमचा सोशिक खेळ चुकीचा नाही हो, पण त्याला लागतो तेवढा वेळ तिथे कोणी देत नाही.

मग पुस्तकात लिहिलेलं असतं तसं ब्लाइंड चोरत सुटायचं, म्हणजे बोली वाढवून (रेज करून) सगळ्यांना फोल्ड करायला लावायचं? तर तेही नाही, निदान पहिल्या तासात नाही. चोरी करायला समोरच्याने फोल्ड करावं लागतं. इथे लोक हरायला तयार असतात, कारण हरले की रीबाय आणि रीबायचे पैसे चांगल्या कामाला. ‘गेले तर गेले, संस्थेलाच जातायत!’ हे वाक्य मी दर कार्यक्रमात ऐकते, आणि ते म्हणणारा माणूस त्यानंतर हमखास कॉल करतो (तेवढीच रक्कम लावून डावात राहतो). अशा माणसाला ब्लफ करणं म्हणजे स्वतःच्या हाताने चिप्स देणं. शांतपणे पत्ते ठेवून द्या.

एक्क्यांचं म्हणाल, तर गुलामरावांचं दुखणं गणितातच आहे. कुठलेही दोन पत्ते घेतलेल्या एकाच माणसासमोर एक्क्यांची जोडी ८५ टक्के वेळा जिंकते. असे चौघे शेवटपर्यंत आले की तीच जोडी ५६ टक्क्यांवर येते. म्हणजे जवळजवळ दर दुसऱ्या वेळेला पडणारच. म्हणून चांगले पत्ते आले की तुमच्या मित्रांत करता तसा बिग ब्लाइंडच्या अडीच-तीन पट रेज करू नका. पाच-सहा पट करा. येणारे तरीही येतील, पण कमी येतील आणि महागात येतील. फ्लॉपवर (मधल्या पहिल्या तीन पत्त्यांवर) सगळ्यात मोठी जोडी लागली तर लगेच लावा, लपवून ठेवायचा शहाणपणा नको. लपवलेलं शोधायला समोर कोणी बसलेलंच नाही.

आता खरी गंमत. रीबाय बंद झाल्याची घोषणा होते, आणि तेच लोक, तेच टेबल, पण वागणं पार बदलतं. आतापर्यंत अठ्ठा-तिर्रीवर ऑल-इन जाणारा माणूस उरलेल्या चिप्सभोवती हात घालून बसतो. बक्षिसाच्या टेबलाकडे बघायला लागतो. ही मी ऐकीव गोष्ट सांगत नाहीये, डीलरच्या खुर्चीतून हे लख्ख दिसतं. तिथून पुढे लोक फोल्ड करतात, आणि ब्लाइंड चोरायची वेळ तेव्हा सुरू होते. तुमच्याकडे दहा बिग ब्लाइंडच्या आसपास असतील, पुढे कोणी आत आलेलं नसेल आणि तुम्ही बटणावर किंवा त्याच्या एक जागा अलीकडे असाल, तर कुठलीही जोडी, कुठलाही एक्का, दोन चित्रं, यावर थेट ऑल-इन. छोटा रेज करून मग फोल्ड करण्याएवढ्या चिप्स तुमच्याकडे नसतात. बहुतेक चांगले खेळाडू इथेच उलटं करतात: पहिल्या तासात ब्लफ करतात आणि नंतर वाट बघत बसतात.

अॅड-ऑन घ्या. त्याच पैशात सुरुवातीपेक्षा जास्त चिप्स बहुतेकदा मिळतात, आणि ३००-६०० च्या ब्लाइंडला त्या चिप्स म्हणजे नवा श्वास असतो. आधीच डोंगर जमला असेल तर गणिताने गरज नाही.

निमूट_फोल्ड:

दुर्रीताई, मनापासून आभार. रीबाय बंद होण्याआधी आणि नंतर असे दोन वेगळे खेळ आहेत हे लक्षातच आलं नव्हतं. आयोजकांना विचारलं, जमलेल्या रकमेतले निम्मे संस्थेला, निम्मे बक्षिसांना. हे चांगलं की वाईट? आणि माझ्या हिश्श्यावर करसवलत मिळते का?

हिशोबनीस:

खेळाडूच्या दृष्टीने वाईट आहे, आणि तसे ते असायलाच हवे. भरलेल्या दर १०० मधले ५० बक्षिसात जात असतील, तर नुसती बरोबरी साधण्यासाठी तुम्हाला सरासरी खेळाडूच्या दुप्पट वाटा मिळवावा लागतो. एवढा फरक अशा वेगवान स्पर्धेत कुणाचाही सातत्याने पडत नाही. प्रत्येक रीबायलाही हाच हिशेब लागू. त्यामुळे प्रवेश आणि रीबाय यांचा आकडा आधी ठरवा, तो खर्ची टाका आणि मग जा.

तुलनेसाठी, २०१२ मध्ये वर्ल्ड सीरिज ऑफ पोकरमध्ये ‘बिग वन फॉर वन ड्रॉप’ ही स्पर्धा झाली. प्रवेश १० लाख डॉलर, खेळाडू ४८. प्रत्येकाच्या रकमेतले १,११,१११ डॉलर स्वच्छ पाण्यासाठी काम करणाऱ्या वन ड्रॉप संस्थेला गेले, एकूण ५३ लाखांहून अधिक. अंतोनिओ एस्फांदियारीला पहिले बक्षीस १,८३,४६,६७३ डॉलर मिळाले. म्हणजे दानाचा वाटा ११ टक्के. २०१९ च्या लंडनमधल्या ट्रायटन मिलियनमध्ये १०,५०,००० पौंडांच्या प्रवेशातले ५०,००० दानासाठी होते, म्हणजे पाच टक्क्यांहूनही कमी. आकडा डोळे दिपवणारा होता, पण टक्केवारीने तुमची छोटी स्पर्धा जास्त दानशूर आहे. त्या स्पर्धा मुळात पोकरच्या होत्या. तुमची मुळात निधीची आहे.

करसवलतीवर अवलंबून राहू नका. अमेरिकेच्या कर खात्याने तर स्पष्टच म्हटले आहे की सोडत, बिंगो किंवा नशिबाच्या इतर खेळांसाठी दिलेले पैसे देणगी म्हणून वजा करता येत नाहीत. बदल्यात जिंकण्याची संधी घेतली, मग ती निव्वळ देणगी कशी? तुमच्याकडचा नियम आयोजकांना नव्हे, कर सल्लागाराला विचारा.

तिरपा_गुलाम:

कायद्याचंही तेच. मदतनिधीच्या स्पर्धेला परवानगी आहे म्हणजे कॅश गेमलाही आहेच असं धरू नका. अनेक ठिकाणी दोन्हींना वेगळे नियम असतात. आयोजकांकडे परवानगी मागा बघायला. हळवं काम आहे म्हणून कोणी विचारत नाही, तेच मला खटकतं.

किलवर_दुर्री:

यावर गुलामरावांना पूर्ण अनुमोदन.

कॅश गेमबद्दल, बसायच्या आधी दोन गोष्टी विचारा: पॉटमधून किती टक्के काढतात, आणि त्याला वरची मर्यादा आहे का. नेहमीच्या ठिकाणी मर्यादा बहुतेकदा असते. मदतनिधीत ‘अहो, चांगल्या कामाला आहे’ म्हणून ती बऱ्याचदा ठेवतच नाहीत. हिशेब करून बघा. तासाला वीस डाव आणि सरासरी पॉट १५ बिग ब्लाइंडचा धरला, तर १० टक्क्यांनी टेबलावरून तासाला ३० बिग ब्लाइंड जातात, नऊ जणांत माणशी सव्वातीन. सोसवतं. २५ टक्के काढत असतील तर ७५ जातात, माणशी आठच्या वर. तासाला पाच-दहा बिग ब्लाइंड कमावणाऱ्याला आपण चांगला खेळाडू म्हणतो, तेव्हा इथे चांगला खेळाडूही सपाट होतो आणि बाकीचे हळूहळू रिकामे होतात. दोन तासांनी टेबलच मोडतं, आणि मग संस्थेला तरी काय मिळणार? त्यापेक्षा बसायचं तासाचं ठरावीक शुल्क घेतलेलं मला जास्त न्याय्य वाटतं. पॉटमधून काढण्याच्या पद्धतीत तुमच्यासारखा सोशिक माणूस जवळजवळ फुकट बसतो, आणि उत्साहाने खेळणारा सगळं दान भरतो.

बाकी, स्पर्धेच्या चिप्स आणि कॅशच्या चिप्स दिसायला वेगळ्या आहेत ना, तेवढं बघा. स्पर्धेच्या चिपवर १००० लिहिलं तरी तिची किंमत शून्य असते, कॅशची चिप म्हणजे पैसेच. दोन्ही एकाच रंगाच्या असलेलं टेबल मी पाहिलंय. पुन्हा बघायची इच्छा नाही.

जिंकलात तर पैसे घ्या, निःसंकोच घ्या. बक्षीस ठेवलंय ते देण्यासाठीच. बॅरी ग्रीनस्टीन स्पर्धांमधलं जिंकलेलं दान करायचा म्हणून त्याला पोकरचा रॉबिन हूड म्हणायला लागले. २०१४ मध्ये काही व्यावसायिक खेळाडूंनी ‘रेझिंग फॉर इफेक्टिव्ह गिव्हिंग’ सुरू केलं, त्यात कमाईतले निदान दोन टक्के द्यायचं वचन असायचं. दोन टक्केसुद्धा दानच आहे. मला फक्त एक प्रकार आवडत नाही. शेवटच्या टेबलावर कोणीतरी माइक हातात घेऊन ‘मी सगळं परत देतोय’ जाहीर करतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवाल्यांची पंचाईत होते. द्यायचं असेल तर दुसऱ्या दिवशी द्या, गुपचूप.

शेवटी दोघं-तिघं उरलात आणि बक्षीस वाटून घ्यायचं ठरलं तर आधी आयोजकांना विचारा, काही ठिकाणी चालत नाही. चालत असेल तर लाजू नका. हिशोबनीसांनी लिहिलेल्या त्या ट्रायटन मिलियनमध्येही शेवटच्या दोघांनी वाटणी केली होती. जिंकला ॲरन झांग, पण जास्त रक्कम घेऊन गेला दुसरा आलेला ब्रिन केनी, कारण वाटणीच्या वेळी चिप्स त्याच्याकडे जास्त होत्या.

निमूट_फोल्ड:

विचारलं. कॅश गेममध्ये २० टक्के, मर्यादा नाही. परवानगीचा कागद फक्त स्पर्धेचा आहे. तेव्हा मी स्पर्धा, जास्तीत जास्त दोन रीबाय आणि अॅड-ऑन, एवढंच ठरवलंय. कॅशला नाही बसत. बाद झालो की तुमच्यासारख्या डीलरांचा खेळ बघत उभा राहीन.

किलवर_दुर्री:

उभे कशाला राहता? पत्ते पिसता येत असतील तर स्पर्धेच्याच एखाद्या टेबलावर डीलरची खुर्ची घ्या. आम्हाला माणसं नेहमी कमी पडतात. दोन टेबलं एकत्र होतात तेव्हा तर एकच हौशी डीलर घामाघूम होऊन वाटत असतो. इतकी वर्षं पत्ते हाताळलेला माणूस असेल तर तासाला सहज पाच-सहा डाव वाढतात, आणि बाकीच्यांना दर लेव्हलला एखादा डाव तरी जास्त मिळतो. आयोजकांना आधी कळवून ठेवा, आणि बटण कोणाकडे आहे ते दर डावाला मोठ्याने सांगा. अर्धे वाद तिथेच मिटतात.