पिंजारी 'अल्पसंख्याक' कधी झाला?

दुधनाकाठ :
परवा एका व्याख्यानाला गेलो होतो. विषय होता बिगरमुस्लीम समाजांत राहणाऱ्या मुसलमानांचा अभ्यास. वक्त्यांनी या शाखेची वंशावळ छान सांगितली. १९७९ साली जेद्दाच्या संस्थेनं याच विषयाला वाहिलेलं नियतकालिक काढलं. पुढे नव्वदच्या दशकात ताहा जाबिर अल-अलवानी, युसूफ अल-करदावी यांनी 'फिक्ह अल-अकल्लियात' मांडलं, म्हणजे अल्पसंख्य म्हणून जगणाऱ्यांसाठीचा शरियतचा विचार. व्याजानं कर्ज काढून घर घ्यावं का, हे युरोपात जाऊन राहिलेल्यांचे प्रश्न त्यात येतात.

हा साचा मराठवाड्याला बसत नाही. आमच्या गल्लीतला पिंजारी, म्हणजे कापूस पिंजणारा मुसलमान, कुठून आलेला नाही. निजामाच्या राज्यातही मुसलमान शंभरात तेराच्या आसपास होते, पण तेव्हा त्यांना कुणी अल्पसंख्याक म्हणत नव्हतं, कारण गादीवर मुसलमान होता. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली, भारतीय सैन्यानं निजामाचं राज्य ताब्यात घेतलं, आणि तोच पिंजारी तीच धनुकली खांद्यावर घेऊन दुसऱ्या दिवशी अल्पसंख्याक ठरला. गाद्या त्याच, गिऱ्हाईकही तेच. नवाबीचा एक पैसाही त्याच्या हाती कधी लागला नव्हता.

बिंदुसरा :
दादा, मला हे पटत नाही. साचा परका म्हणून मोजणीच टाळायची का? मुसलमानांची स्थिती तपासायला केंद्र सरकारनं नेमलेल्या सच्चर समितीनं २००६ मध्ये धर्मनिहाय आकडे मांडले, तेव्हा कळलं की लोकसंख्येत १३.४ टक्के असलेला समाज आयएएसमध्ये जेमतेम ३ टक्के आहे. 'आपले पिंजारी, आपले तांबोळी' म्हणत राहिलो असतो तर हे कधी दिसलंच नसतं. मी बीडची, मुसलमान घरातली. भाड्याची खोली बघायला गेलं की मालक आधी आडनाव विचारतो, धंदा नाही. त्या वेळी मी बागवान नसते, नुसती मुसलमान असते.

दुधनाकाठ :
ताई, खोलीचं म्हणता ते शंभर टक्के खरं. पण सच्चर अहवालातच अश्रफ (उच्चकुलीन), अजलाफ (कारागीर जाती), अरजल (सर्वांत खालच्या मानलेल्या जाती) असे थर आहेत, आणि चाळीस टक्क्यांच्या आसपास मुसलमान ओबीसी असल्याचंही त्यात दिसतं. ते पान कुणी उघडत नाही. माझा राग त्यावर आहे.

बिंदुसरा :
मग दोन्ही पानं उघडा. एक फाडू नका.

मांजरा खोरं :
मी हिंदू, उस्मानाबादकडचा. तुम्ही दोघं ज्यावर थांबला नाहीत तिथं मला थांबायचंय. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांनी आमच्या भागात गावं लुटली, ते पुस्तकांत आहे आणि असायलाच हवं. पोलीस ॲक्शननंतर मुसलमानांचं काय झालं हे मात्र भारत सरकारनं पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं लिहिलं आणि तो अहवाल कित्येक दशकं दडून राहिला. त्यात मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार आहे, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड आहेत. ज्या समाजाचं एवढं मोठं दुःख इतकी दशकं लोकांसमोर आलंच नाही, त्याचा 'अभ्यास' नोकरीच्या टक्क्यांपासून सुरू होतो याचं मला फार वाईट वाटतं.

माझ्या आजीनं त्या दिवसांत शेजारच्या मुलाण्याची दोन लेकरं घरच्या बळदात, म्हणजे धान्याच्या कोठीत, चार रात्री ठेवली. वरून ज्वारी पसरली होती, श्वासाला फटीत बोरूची नळी. आजोबा दारात बसून होते.

बिंदुसरा :
हे वाचून गप्प झाले. तरी एक बोलते. अशा गोष्टी हिंदू घरात सांगितल्या जातात, मुसलमान घरात बहुतेकदा नाही. आमच्या नानीला विचारलं की ती उठून चहा ठेवायला जायची. ती का बोलत नव्हती, हाही अभ्यासाचा विषय आहे, आणि तो आमच्याच मुलींनी दखनीत, आमच्या घरच्या उर्दूत, विचारला तरच उलगडेल.

दुधनाकाठ :
यावर माझा वाद नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधताना निजामकाळातले उर्दू कागद वाचायला माणसं हवी होती, तेव्हा सगळ्यांना जुने मौलवी-मास्तर आठवले. एरवी त्या उर्दूकडे कोण बघतं? मांजरा, बळदाची गोष्ट कुठं लिहून ठेवलीय का?

मांजरा खोरं :
नाही. आजी गेली. त्या दोघांपैकी एक भाऊ लातुरात आहेत, पंच्याऐंशीच्या पुढचे, ऐकू कमी येतं. दिवाळीत जाणार आहे. ताई, तुम्ही याल का? ते दखनीतच बोलतात.